मागच्या चाकातली उटी

भोपाळमध्ये सपाट रस्ता शोधावा लागतो. श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स, अरेरा हिल्स अशा टेकड्या इथल्या पत्त्यांतच आहेत, आणि टेकडी आली की उतार आलाच. श्यामला हिल्सवरून पॉलिटेक्निक चौराह्याकडे उतरताना गेल्या पावसाळ्यात माझ्या शंभर सीसीच्या गाडीचा मागचा ब्रेक लहरी झाला होता. सकाळी पॅडलला नुसता पाय लागला तरी चाक अडकायचं. संध्याकाळी तेच पॅडल दाबलं की पाय खोल जायचा आणि गाडी आपल्याच नादात पुढे. एकटा असलो की एक तऱ्हा, मागे बायको बसली की दुसरी.

माझा उपाय ठरलेला होता. ब्रेकचा रॉड चाकाजवळ जिथे संपतो तिथे एक नट असतो, तो दोन फेऱ्या कसायचा. आठवडाभर बरं चालायचं. पुन्हा सैल, पुन्हा दोन फेऱ्या. असं करता करता नटच्या मागे रॉडचे आटे चांगले बोटभर बाहेर आले.

शेवटी गाडी बुधवाऱ्याच्या बाजूच्या एका गल्लीतल्या उस्तादांकडे नेली. त्यांनी ती मेन स्टँडवर घेतली. चाक खोलतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पॅडल हाताने दाबलं आणि मान वाकवून चाकाजवळच्या वीतभरही नसलेल्या लिव्हरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"को खां, और कित्ता कसोगे? कसने को अब बचा क्या है!"

मला कळेना. आटे तर शिल्लक होते. उस्तादांनी लिव्हरच्या मुळाशी बोट ठेवलं. धूळ आणि चेनच्या तेलाचा काळा थर त्यांनी अंगठ्याने पुसला, तेव्हा खाली तांदळाच्या दाण्याएवढा बाण दिसला. शेजारी ब्रेकच्या प्लेटवर एक खूण होती. पॅडल पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपाशी पोचला की आतला लायनर संपला, असा त्याचा अर्थ. माझा बाण खूण ओलांडून गेला होता. सात वर्षं मी ही गाडी चालवतोय, आणि हा बाण पहिल्या दिवसापासून तिथे होता.

त्या दुपारी तासभर मी उस्तादांच्या शेजारी पाटावर बसलो आणि मागचं चाक पहिल्यांदा आतून पाहिलं. तेव्हापासून लाल सिग्नलला थांबणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मी जरा आदराने बघतो.

आधी एक हिशोब. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो धरू. ताशी 50 किलोमीटरच्या वेगाला या ऐवजात सुमारे 24 हजार जूल ऊर्जा साठलेली असते. तेवढ्या उष्णतेने अर्धा कप पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं. म्हणजे जुन्या भोपाळात मिळणाऱ्या मीठ घातलेल्या चहाचा एक छोटा पेला. आपण ब्रेक मारतो तेव्हा वेग नाहीसा होत नाही, ऊर्जेला तशी सोयच नाही. तो उष्णता होऊन ब्रेकमध्ये शिरतो आणि मग हवेत जातो. दोन्ही ब्रेक नीट लागले तर हे सारं 16-17 मीटरांत उरकतं, म्हणजे चाकाच्या नऊएक फेऱ्यांत. तीन सेकंदांच्या आत एक पेला चहा! आणि वेग दुप्पट केला तर पेले दोन होत नाहीत, चार होतात, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

ही उष्णता फुकट जाते याची हळहळ वाटत असेल, तर तिचं उत्तर याच शहरात तयार होतं. पिपलानीच्या बाजूला भेलचा कारखाना आहे, तिथे रेल्वे इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटरी बनतात. भोपाळहून इटारसीकडे जाणारी गाडी बरखेडा ते बुधनीच्या घाटात माळव्याचं पठार सोडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरते. अशा उतारावर आजची विजेची इंजिनं आपल्या मोटरींना उलट कामाला लावतात. चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज बनवते, ती वरच्या तारेत परत जाते, आणि वीज बनवण्याच्या या ओझ्यानेच गाडीला लगाम बसतो. आपल्या दुचाकीला हे जमत नाही. तिच्याकडे आहे फक्त घासणं. पण त्या घासण्यातही एक युक्ती दडलेली आहे.

उस्तादांनी रॉड सोडवला, एक्सल ओढून काढला, चाक बाहेर आलं. चाकाच्या मध्यभागी परातीसारखा खोलगट भाग असतो, तो ड्रम. साध्या गाड्यांत त्याचा व्यास 110 किंवा 130 मिलिमीटर. त्यावर झाकणासारखी बसते ती ब्रेक प्लेट. ही प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून एका पोलादी पट्टीने चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला जखडलेली असते. प्लेटच्या आतल्या अंगाला अर्धचंद्रासारखे दोन शू समोरासमोर आणि त्यांच्या पाठीवर चिकटवलेला लायनर. दोन्ही शूंची एक टोकं एका खुंटीवर टेकलेली. दुसऱ्या टोकांच्या मध्ये बोटाएवढा, दोन बाजूंनी चपटा केलेला पोलादाचा तुकडा, तो कॅम. पॅडल दाबलं की रॉड लिव्हर ओढतो, लिव्हर कॅमला थोडा पिळतो. चपटा तुकडा आडवा होऊ लागला की शू फाकतात आणि लायनर फिरत्या ड्रमला आतून भिडतो. स्प्रिंगा दोघांना परत जवळ ओढतात. संपली यंत्रणा. सुटे भाग दोन हातांच्या बोटांवर मोजून होतात.

आता यातली गंमत. चाकाचा घेर मोठा, ड्रमचा लहान. टायर जमिनीला धरून जेवढा जोर लावतो, त्याच्या चार-साडेचार पटीहून जास्त जोराने लायनरला ड्रम धरून ठेवावा लागतो. मागच्या चाकाने गाडीला साठ-बासष्ट किलोभाराने मागे ओढायचं असेल, तर आत लायनरवर पावणेतीन-तीन क्विंटलांची ओढ येते. तळहातात मावतील एवढ्या दोन अर्धचंद्रांवर! पॅडल आणि लिव्हर या दोन तरफा पायाचा जोर कित्येक पट वाढवतात हे खरं, पण सगळं काम त्या करत नाहीत. उरलेलं काम करतं फिरतं चाकच.

एसटीने घाटातून गेलेल्यांनी हे पाहिलेलं आहे. चढावर गाडी बंद पडली की कंडक्टर खाली उतरून मागच्या चाकाला उटी लावतो. ती लावायला फारसा जोर लागत नाही, दगड नुसता चाकाखाली सरकवायचा. मग गाडी जसजशी मागे रेलते तसतसा दगड चाकाखाली आणखी घट्ट बसतो. गाडीचं वजनच गाडीला अडवतं. दुसरा दाखला फळ्यावरचा. खडू तिरका धरून ओढत नेला तर गुळगुळीत रेघ उमटते. तोच खडू टोकाच्या दिशेने ढकलत नेला तर तो फळ्यात रुततो, कचकन अडतो आणि सगळ्या वर्गाच्या अंगावर काटा येतो. हाताचा जोर तेवढाच असतो.

ड्रममधल्या दोन शूंपैकी एक ओढलेला खडू असतो आणि एक ढकललेला. ज्या शूच्या मोकळ्या टोकाकडून खुंटीकडे ड्रम फिरत जातो, त्या शूला ड्रम आपल्या बरोबर ओढू पाहतो. खुंटी त्याला जाऊ देत नाही, म्हणून तो बाहेरच्या अंगाला आणखी दाबला जातो. दाब वाढला की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की दाब वाढतो. हा शू म्हणजे चाकाने स्वतःच स्वतःला लावलेली उटी. समोरच्या शूचं उलट होतं. त्याला ड्रम आत ढकलतो, आणि तो आपला कॅमच्या जोरावर जमेल तेवढं काम करतो. चढावर थांबलेली गाडी मागे घरंगळू लागली की दोघांच्या भूमिका बदलतात. काही जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकात दोन्ही शू उटीसारखे बसवलेले असत. ते पुढे जाताना जबरदस्त धरत, आणि मागे घरंगळताना दोघेही ढिले पडत. मागच्या चाकातली एक-एकची वाटणी भपकेबाज नसेल, पण दोन्ही दिशांना सारखीच चालते.

हे कळल्यावर माझ्या ब्रेकच्या लहरी एकेक करून उलगडू लागल्या.

सकाळचं अडकणं घ्या. पावसाळी रात्रीत ड्रमच्या लोखंडी पृष्ठावर ओल धरते, गंजाचा पातळ पापुद्रा येतो. त्याने घर्षण थोडंसंच वाढतं, पण उटीवाला शू त्या थोड्याचं पुष्कळ करतो. म्हणून पहिले एक-दोन ब्रेक चावरे लागतात आणि मग पापुद्रा घासून गेला की सुरळीत होतं. याच्या उलट, साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की आत शिरलेलं पाणी लायनर आणि ड्रमच्या मध्ये वंगणाचं काम करतं. डिस्क ब्रेक उघडा असतो, तो पाणी झटकून टाकतो. ड्रम बंद डबा, त्यात शिरलेलं पाणी लवकर निघत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर मागे-पुढे गाड्या नाहीत हे पाहून, कमी वेगात थोडा वेळ पॅडल हलकं दाबून चालवलं की त्याच उष्णतेने ते वाळतं.

संध्याकाळी पाय खोल जाण्याचं कारण माझा पायच होता. उतारावर बूट पॅडलवर टेकवून ठेवायची मला सवय. त्याने लायनर सतत घासत राहतो आणि तापतो. लायनर फार तापला की त्याची पकड घटते. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो, आणि त्याला गाठायला पॅडलला आणखी खाली जावं लागतं. असं वारंवार झालं की लायनरच्या पाठीवर काचेसारखा गुळगुळीत थर चढतो. उस्तादांनी माझा शू उन्हात धरला तेव्हा तो चक्क चकाकला. ब्रेकमध्ये चकाकी हे आजाराचं लक्षण आहे.

बायको मागे बसल्यावर ब्रेक का बदलतो? मागचं चाक शॉकअपवर खालीवर होतं, ब्रेकचं पॅडल गाडीच्या सांगाड्याला बसवलेलं असतं, आणि रॉड या दोघांना जोडतो. ओझ्याने गाडी खाली बसली की पॅडल आणि लिव्हरमधलं अंतर किंचित बदलतं, आणि गाडीच्या रचनेप्रमाणे रॉड ताणला जातो किंवा सैलावतो. चेनचंही तसंच. चेन ताणायची म्हणजे चाक मागे सरकवायचं. चाक मागे गेलं की लिव्हरही मागे जाते, रॉड तेवढाच राहतो, आणि ब्रेक आपोआप कसला जातो. चेन ताणल्यावर ब्रेक पुन्हा सेट करायचा असतो, हे मी कधी केलंच नव्हतं.

पण सगळ्यात मोठी चूक त्या नटची. पाना वापरताना आपण त्याच्या दांड्याला काटकोनात जोर देतो. दांड्याच्या लांबीच्या दिशेने ढकलून नट फिरवायला कोणी जात नाही. ब्रेकच्या लिव्हरलाही हाच नियम. ब्रेक पूर्ण लागतो त्या क्षणी रॉड आणि लिव्हर यांच्यात साधारण काटकोन असावा, तर पायाचा जोर पुरेपूर उतरतो. नव्या लायनरची जाडी चारएक मिलिमीटर असते आणि दोनवर आला की तो बदलायचा, असं बहुतेक गाड्यांचं मान आहे. लायनर झिजत जातो तशी लिव्हर जास्त जास्त पुढे झुकते. आपण नट कसतो, ती आणखी झुकते. काटकोन मागे पडतो आणि तोच पाय कमी काम करतो. आत कॅम इतका आडवा होतो की सुटताना अडकून बसण्याची भीती. म्हणजे ब्रेक मिळावा म्हणून मी जो नट कसत होतो, त्यानेच ब्रेक कमी होत होता.

काही कारागीर अशा वेळी लिव्हर काढून एक दाता मागे बसवतात. कोन सुधारतो, गिऱ्हाईक खूश, झिजलेला लायनर आत तसाच. ज्याने हा ब्रेक आखला त्याला ही पळवाट माहीत असावी. कारण बाणाची चकती कॅमवर एकाच जागी बसेल अशी तिची खाच कापलेली असते. लिव्हरला फसवता येतं, बाणाला नाही.

हा लायनर तरी कुठून आला? गोष्ट सांगतात ती इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातली. तिथल्या टेकड्यांवरून उतरणाऱ्या घोडागाड्यांचे ब्रेक लाकडी ठोकळ्यांचे, ते चाकावर घसरत. गाडीवाल्यांनी तोड काढली, ठोकळ्यावर जुने बूट ठोकायचे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने हे पाहिलं आणि बुटाहून चांगलं काय चालेल या ध्यासातून 1897 मध्ये ब्रेक लायनरचा धंदा सुरू केला. आपल्या नावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात पत्नी एलिझाबेथचं पहिलं अक्षर मिसळून त्याने कंपनीचं नाव ठेवलं फेरोडो. पुढे 1902 च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनॉने आतून फाकणाऱ्या शूंचा ड्रम ब्रेक मोटारीसाठी घडवला, आणि माझ्या चाकात बसलेली जोडी त्याच घराण्यातली. मधल्या काळात लायनरमध्ये उष्णता सोसणारं अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरलं गेलं, ज्याची धूळ फुप्फुसाला घातक. लायनरमध्ये ते आहे की नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. उस्तादांनी फुंकर मारायला गाल फुगवले होते. मी पटकन फडकं पुढे केलं, तेवढी एकच माझी त्या दिवसाची कामगिरी.

मग उस्तादांनी जे केलं ते क्रमाने सांगतो. ड्रमचा आतला पृष्ठभाग चाचपला, खोल चर नाहीत ना ते पाहिलं. ड्रमही झिजतो, आणि त्याची कमाल मर्यादा बऱ्याचदा आतच कोरलेली असते. पॉलिश पेपरने चकाकी उतरवली. कॅम ओढून काढला, त्याच्या दांड्यावरचा गंज घासला आणि ग्रीस लावलं, पण करंगळीच्या नखावर मावेल एवढंच. जास्त झालं तर तापून वितळेल आणि लायनरवर जाईल, आणि ग्रीस प्यालेला लायनर फेकूनच द्यावा लागतो. नवे शू, नव्या स्प्रिंगा. चाक परत बसवलं, एक्सलचा नट हाताने लावला, आणि मग मला म्हणाले, "पॅडल दाबके रखो, छोड़ना मत."

मी पॅडल दाबून धरलं आणि त्यांनी तशातच एक्सल आवळला. का? ब्रेक प्लेटला आपल्या भोकात केसभर खेळ असतो. पॅडल दाबलेलं असताना दोन्ही शू ड्रमला भिडलेले असतात, म्हणजे प्लेट आपसूक ड्रमच्या बरोबर मध्यावर येते. त्या क्षणी आवळलं की ती तिथेच राहते. मोजपट्टी नाही, गेज नाही. ब्रेकनेच ब्रेकचा मध्य शोधून दिला. शेवटी पोलादी पट्टीचा बोल्ट आणि त्याची पिन त्यांनी दोनदा तपासली. ती पट्टी सुटली तर प्लेट चाकाबरोबर गरगरते आणि चाक भर रस्त्यात जाम होतं.

पॅडलचा खेळ किती? बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत 20 ते 30 मिलिमीटर लिहिलेलं असतं, आपल्या गाडीचं मान पाहून घ्यावं. ब्रेक लागण्याआधीची ती रिकामी बोटभर चाल म्हणजे ढिलाई वाटते खरी. पण तीच लायनरला श्वास घ्यायला जागा देते. ब्रेकचा दिवा पॅडलबरोबर लागतो का, तेही तेव्हाच बघायचं.

एवढं करूनही मागच्या ब्रेकवर किती विसंबायचं? उभ्या गाडीचं अर्ध्याहून जास्त वजन मागच्या चाकावर असतं. पण जोरात ब्रेक लागला की सगळा भार पुढे कलतो. बसमध्ये उभे प्रवासी कलतात तसाच. एकटा चालवणारा असेल तर मागच्या चाकावर जेमतेम पाव वजन उरतं, आणि ज्या चाकावर वजन नाही ते जमिनीला धरणार तरी कसं? नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायला दोन्ही ब्रेकांच्या दुपटीएवढं अंतर लागतं. उतारावर पुढचा ब्रेक लावला की उलटू, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे आणि त्यापायी कितीजण तो वापरतच नाहीत. कायद्याने यावर तोड काढली. 1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीवरच्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारं एबीएस, आणि त्याखालच्यांना एबीएस किंवा सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. माझी जुनी गाडी त्याआधीची, तेव्हा तिचं सीबीएस म्हणजे माझाच उजवा हात आणि उजवा पाय.

निघताना उस्तादांनी चाक हाताने फिरवलं आणि कान जवळ नेला. लायनर कुठेतरी ड्रमला हलकासा स्पर्श करत होता, तांदूळ निवडताना सुपाचा होतो तसा आवाज. "चार-छह दिन में बैठ जाएगा," म्हणाले. नवा लायनर आणि जुना ड्रम यांची अजून ओळख व्हायची होती.

श्यामला हिल्सवरून आता उतरतो तेव्हा गियर खालचा असतो, बूट पॅडलच्या वर अधांतरी, आणि गरज पडली की हात आणि पाय बरोबर. खाली पोचल्यावर कधीतरी हाताची मागची बाजू ड्रमजवळ नेतो. बेताची ऊब लागते. थोड्या वेळापूर्वी तो माझा वेग होता. रॉडकडेही नजर जाते. नट आता पार टोकाला आहे आणि त्याच्या मागे दोनच आटे दिसतात. ते वाढतील तेव्हा आधी पाना काढायचा नाही, आधी बाण पुसायचा.